भाव ठरत होता आणि माझा डोळा लागला

...आणि वेळ तरी कोणती द्यावी माणसानं? सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं! अकरा नाही, साडेअकरा नाही, अकरा वीस! अहो, अशी वेळ आगगाडीला देतात, माणसाला नाही. आणि तुम्हाला सांगते, अकरा वीस म्हणजे आमच्या बाळाची झोपायची वेळ. घड्याळ चुकेल एकवेळ, बाळ चुकत नाही. आणि बाळाचा डोळा लागला की मागोमाग माझाही लागतो. मी लावत नाही हं, तो आपोआप लागतो, पलीकडच्या खोलीतून कुणीतरी बटण बंद करावं तसा. काय करणार? रात्र सगळी ते श्वास घेतंय ना हे बघण्यात जाते. नाकाखाली बोट धरायचं, कोमट वारा लागला की हुश्श करायचं, आणि हुश्श करून कूस बदलली की मनात येतं, अगं बाई, मघाशी लागला तो वारा पंख्याचा तर नव्हता?... की पुन्हा बोट! अशा बाईला तुम्ही सकाळी अकरा वीसला गुबगुबीत गालिच्यावर नेऊन बसवता, वर थंडगार हवा सोडता, आणि म्हणता, बोला ताई, भाव बोला! मी काय बोलणार कपाळ? मला झोप येत होती हो!

आता तुम्ही म्हणाल, झोप येत होती तर गेलीस कशाला? अहो, हौस होती का मला? आमचा उशांचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की तुम्हाला वाटेल भोंगा बिंगा असेल. तसं काही नाही. घरामागची एक लांबट खोली, एक कापूस पिंजायचं मशीन, दोन शिवणयंत्रं, टाके घालायला एक मावशी, आणि खुर्चीवर आमच्या सासूबाई. बस्स. पण सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं ना, की त्या उन्हात कापसाचे तंतू असे सावकाश तरंगत असतात, असे सावकाश, की वाटावं आपली खोली पाण्याखाली आहे आणि आपण सगळे मासे. केसांवर कापूस, भुवयांवर कापूस, मावशींच्या चष्म्यावर कापूस. बाळ तिथं झोळीत पडून त्या तंतूंकडे बघत राहतं, आणि मी बाळाकडे बघत राहते, आणि मग काय... जाऊ दे.

तर आमच्याकडे कामाची एक रीत आहे. सासूबाईंनीच पाडलेली. उशांचा ढीग तयार झाला की माल बाहेर जाण्याआधी वरची एक उशी काढायची, आणि तिच्यावर कुणीतरी खरोखरीचं झोपून बघायचं. नुसतं दाबून नाही, कोपर रोवून नाही, झोपून! झोप लागली तर माल पास. नाही लागली तर उसवा सगळा ढीग आणि भरा पुन्हा. "लोक आपल्या भरवशावर डोकं ठेवतात गं," सासूबाई म्हणतात, "दिवसभराचं जड झालेलं डोकं. ते का कुणाच्याही हातात देतं माणूस?" आधी हे काम सासूबाई स्वतः करायच्या. बाळ झाल्यावर माझ्याकडे आलं. मी म्हटलं, वा! असं काम तर देवानं मला बघूनच तयार केलं असेल! उशीवर डोकं टेकलं की पास. पास! पास! पास! महिनाभरानं सासूबाई कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या. "सूनबाई, तू मशीनच्या आवाजात झोपतेस, बटणांच्या पोत्यावर झोपतेस, काल तर उभ्यानं झोपली होतीस दाराला टेकून. तुझी साक्ष काय कामाची गं? उद्या विटा भरल्या तरी पास म्हणशील!" आणि वर मावशींना म्हणतात, "आणि डोळे पूर्ण मिटत नाही हो ही! अर्धे उघडेच असतात. परवा मी तासभर हिच्याशी बोलत होते, मला वाटलं ऐकतेय."

बरं, तर तो भाव. पूर्वी आमच्या उशा आसपासच्या छोट्या दुकानांत जायच्या. एक जण घ्यायचा, एक जण परत करायचा, चालायचं रडतखडत. मग ते मोठे दुकानवाले आले. म्हणजे एक दुकान नव्हे हं, गावोगाव तसंच दुकान, तोच रंग, तोच दरवाजा, आपोआप उघडणारा. सुरुवातीला काय कौतुक! "आजी, अशी उशी आम्ही पाहिली नाही! तुम्ही फक्त भरत राहा, आम्ही घेत राहतो!" एवढा माल सांगितला की छोट्या दुकानांना द्यायला आमच्याकडे उशीच उरेना. ती बिचारी आली, दोनदा फिरली, तिसऱ्यांदा आलीच नाहीत. आता आम्ही त्या मोठ्यांचेच. आणि एकदा त्यांचेच झालो म्हटल्यावर सुरू झालं बघा... "थोडंसंच कमी करा." पहिल्या वर्षी थोडंसंच, तेव्हा खोळीचं पट्ट्यांचं कापड गेलं, साधं आलं. दुसऱ्या वर्षी थोडंसंच, तेव्हा कडेची दुहेरी शिवण गेली. तिसऱ्या वर्षी थोडंसंच, तेव्हा आमचा नफाच गेला, पण कापूस नाही हं गेला! कापसाला सासूबाईंनी हात लावू दिला नाही. आणि ह्या वर्षी पुन्हा निरोप, "भेटायला या, थोडंसं बोलायचंय." त्याच निरोपात एक युक्तीही होती फुकटची. कापसाऐवजी फोमचा चुरा भरा म्हणे, भाव आपोआप बसेल.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. मशीन बंद केलं. तुम्हाला सांगते, मशीन बंद झालं ना की आमच्या घराला एकदम बहिरेपण येतं. त्या म्हणाल्या, "चुरा भरायचा असेल तर हे मशीन मी पुन्हा सुरू करणार नाही. बंद म्हणजे बंद. मावशीला दुसरीकडे काम बघायला सांगा, आणि तुम्हीही बघा." आणि ते तोंडदेखलं नव्हतं हो. त्यांचं तोंडदेखलं मी ओळखते, त्यात आवाज चढतो. ह्यात आवाज उतरला होता. मशीन बंद म्हणजे घर बंद. बाळाला काय झोळीतले तंतू खायला घालू?

मग जायचं कुणी? आमचे हे, म्हणजे बाळाचे बाबा, दरवर्षी तेच जायचे. पण माणूस इतका भिडस्त, इतका भिडस्त, की मागच्या वर्षी त्या साहेबांनी काही मागण्याआधी नुसता एक सुस्कारा सोडला, तर ह्यांनी लगेच भाव खाली आणला! साहेब बिचारे दमले असतील हो, त्यांना कुठं माहीत सुस्काऱ्यानं भाव उतरतो ते! "अरे, माणसानं सुस्कारा सोडला तर पाणी विचारावं," सासूबाई म्हणाल्या, "घर काढून देऊ नये!" आणि स्वतः त्या जाऊ शकत नाहीत, कारण, "माझं तोंड फाटकं. मी गेले तर भाव राहील, गिऱ्हाईक जाईल." मग दोघांनी मिळून वळून माझ्याकडे बघितलं. मी नेमकी तेव्हा जागी होते, हे माझं नशीब!

"तू जायचंस. हा सोबत येईल, पण तोंड उघडणार नाही. ऐकलंस का रे? तिथं पोचल्यापासून परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढलास तर ह्या घरात जेवायला मिळणार नाही!" ह्यांनी मान हलवली. सराव तिथूनच सुरू. "आणि सूनबाई, तू एकच वाक्य बोलायचंस. 'ह्याखाली कापूस बसत नाही.' तो काय वाटेल ते म्हणू दे. हसू दे, रडू दे. तू आपली, ह्याखाली कापूस बसत नाही."

झालं. मी ते वाक्य घोकायला लागले. बाळाला पाजताना, दुपटी वाळत घालताना, दात घासताना. ह्याखाली कापूस बसत नाही. ह्याखाली कापूस बसत नाही. इतकं घोकलं की त्याची अंगाईच झाली हो! बाळ त्यावर झोपायला लागलं. आणि बाळ झोपलं की... आता काय सांगू, मला झोप येत होती!

तर त्या दिवशी निघालो. एका खांद्यावर बाळ, एका खांद्यावर पिशवी, आणि ह्यांच्या काखेत नमुन्याची उशी. त्या दुकानवाल्यांचं मुख्य ऑफिस म्हणजे... काय सांगू तुम्हाला! सगळी काच. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा आवाजच पुसून गेला. पायाखाली एवढा मऊ गालिचा की आपण चालतोय की कुणी आपल्याला उचलून नेतंय कळेना. लिफ्ट अशी हळूच वर गेली, अशी हळूच, की बाळानं जांभई दिली. मी म्हटलं, नको रे राजा, नको. अजून दहाच मिनिटं थांब. त्यानं दुसरी दिली.

बाहेर बाकावर आमच्यासारखेच बसले होते, आपापला माल मांडीवर घेऊन. एक झाडूवाल्या वहिनी, कडेवर पोर घ्यावं तसा झाडू धरून. एक साबणवाले काका, त्यांच्या अंगालाच साबणाचा इतका गोड वास की शेजारी बसलं की आंघोळ झाल्यासारखं वाटावं. काका म्हणाले, "पहिल्यांदाच का, पोरी?" म्हटलं, हो. ते माझ्या कानाशी आले. "ऐकून ठेव. आतला माणूस ओरडत नाही. ओरडला असता तर आपणही ओरडलो असतो. तो एक आकडा सांगतो, आणि मग गप्प बसतो. नुसता गप्प. त्या शांततेला माणूस घाबरतो, आणि घाबरून काहीतरी बोलतो. जो आधी बोलला तो गेला." मग खिशातून साबणाची वडी काढून दाखवली. "ही त्या शांततेत झिजली बघ." वडी एवढीशी होती हो, हॉटेलात देतात तशी! झाडूवाल्या वहिनी म्हणाल्या, "वडी तरी आहे तुमची. माझ्या झाडूचे केस बघा, टक्कल पडलंय." आणि आम्ही तिघं हसलो, पण हळू, कारण तिथं हसू पण गालिच्यात शोषलं जात होतं.

अकरा वीसला बरोबर दार उघडलं. बाळानं तिसरी जांभई दिली.

आतल्या साहेबांचं काहीतरी नाव असणारच, पण आमच्या घरात त्यांना मऊसाहेब म्हणतात. आवाज असा मऊ, हात मऊ, हसणं मऊ. "या ताई, या. बाळ पण आलंय? अरे वा! बसा ना, आरामात बसा." आणि ती खुर्ची! त्यांची खुर्ची उंच आणि आपली खुर्ची खोल. बसलं की माणूस आत जातो, आत जातो, कुठवर जातो कळत नाही. गुडघे छातीशी आले माझे. नमुन्याची उशी मी मांडीवर घेतली, बाळाला तिच्यावर ठेवलं, आणि ते एकदा अंग ताणून, एकदा ओठ चावून, झोपलं. पक्कं झोपलं.

मऊसाहेब म्हणाले, "ताई, आपण एकाच कुटुंबातले. पण गिऱ्हाईक हल्ली फार पारखून घेतं हो. तेव्हा ह्या वर्षी आपण..." आणि त्यांनी आकडा सांगितला. मऊ आवाजात सांगितला, जसं काही बाळाला फुंकर घालतायत. मी ऐकला. खाली होता. एवढा खाली की कापूस सोडा, नुसती खोळ शिवून दिली तरी परवडू नये. मी वाक्य आठवलं. ओठांवर आणलं. ह्याखाली... आणि मऊसाहेब गप्प बसले.

तुम्हाला सांगते, ती शांतता! तशी शांतता मला बाळ झाल्यापासून कुणी दिलीच नव्हती हो! ना मशीन, ना कुकर, ना "सूनबाई", ना रडणं. वर हवेचं यंत्र गुणगुणतंय, काचेतून दुधासारखा उजेड येतोय, मांडीवर कोमट बाळ, बाळाखाली आमचीच उशी, सासूबाईंच्या हातची, आणि मी त्या खुर्चीत खाली, खाली, खाली... साबणवाले काका म्हणाले होते घाबरायचं. कुणाला घाबरायला वेळ होता? मला झोप येत होती हो!

आणि मग मी काय बघते! त्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर सगळ्यांचा माल. तो माल एकेक करून खाली उतरायला लागला. साबण उतरले, बादल्या उतरल्या, झाडू पायांवर उभे राहिले आणि शिस्तीत रांग लावून साहेबांसमोर आले. साहेब प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवायचे, मायेनं, आणि म्हणायचे, "थोडंसंच." आणि हात फिरवला की तो जरा बारीक व्हायचा. साबणाची चकती झाली, चकतीची टिकली झाली, टिकलीचा नुसता वास उरला. झाडूचा एकच केस उरला आणि तो लाजून उभा. बादली तर एवढी लहान झाली की तिच्यात मुंगीनं आंघोळ करावी. कुणी भांडत नव्हतं. सगळे म्हणत होते, हो साहेब, हो साहेब, आणि वितळत होते. आणि रांगेच्या शेवटी आमची उशी! ती चालत नव्हती, ती तरंगत आली, आमच्या खोलीतल्या तंतूंसारखी. आणि ती श्वास घेत होती. वर, खाली. वर, खाली. अगदी बाळासारखी. साहेबांनी तिच्यावर हात ठेवला. "थोडंसंच." उशीनं श्वास सोडला. पुन्हा ठेवला. पुन्हा सोडला. आणि घेतलाच नाही! पाकिटासारखी चपटी झाली. मी धावले, तिच्या नाकाखाली बोट धरलं... आता उशीला नाक कुठलं म्हणाल, पण होतं, तेव्हा होतं! आणि वाराच लागेना. साहेबांचा हात पुन्हा खाली येतोय, येतोय, आणि माझ्यात कुठून बळ आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "हात काढा."

बस्स. एवढंच म्हटलं. आणि उशीनं श्वास घेतला. काय घेतला! फुगली, फुगली, खोलीभर झाली, आम्ही सगळे तिच्यावर, साबणवाले काका, वहिनी, मी, बाळ, आणि खाली कापसाचे ढगच ढग...

आणि बाळानं पाय झाडला, तो माझ्या हनुवटीला लागला, आणि मी जागी झाले.

समोर मऊसाहेब. पण काय अवतार! टाय सैल, कपाळावर घाम, त्या थंडगार हवेत घाम! शेजारी आमचे हे, ताठ, ओठ घट्ट मिटलेले, डोळे बटणाएवढे. मला वाटलं, गेलं सगळं. झोपले मी, आणि ह्यांनी विकून टाकलं घर. घाईघाईनं मी ताठ बसले आणि एका दमात म्हटलं, "ह्याखाली कापूस बसत नाही!"

"कळलं हो ताई, कळलं!" मऊसाहेब जवळजवळ रडकुंडीला आले होते. "मागच्या वर्षीचाच भाव देतोय ना मी! आता वर काय माझी नोकरी घेता?"

मला काही कळेना. ते सगळं ह्यांनी घरी पोचल्यावर सांगितलं, सासूबाईंनी तोंड उघडू दिल्यावर, कारण त्याआधी बोलायची बंदी होती ना! काय झालं होतं म्हणे, साहेब आकडा सांगून गप्प बसले, आणि मी पण गप्प. अर्धे डोळे उघडे, नजर सरळ त्यांच्या चेहऱ्यावर, पापणी हलेना. आणि हे तर आईच्या धाकानं मुके. साहेबांनी वाट बघितली, बघितली, मग खोकले. मग म्हणाले, "बरं ताई, तुमचं चुकत नाही, जरा वर येतो." मी ढिम्म. मग म्हणाले, "मला वरून दट्ट्या आहे हो, समजून घ्या." मी ढिम्म. मग त्यांनी आणखी काहीतरी कापायला कॅल्क्युलेटरकडे हात नेला, तर मी त्यांच्याकडे बघत, आवाज न चढवता, खोल विहिरीतून यावं तसं म्हटलं, "हात काढा." साहेबांनी हात असा मागे घेतला म्हणे, तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा! आणि मागच्या वर्षीच्या भावावर येऊन बसले. हे म्हणाले, "मी तुला सात जन्मात असं बघितलं नव्हतं." म्हटलं, मी पण नाही. मी झोपले होते!

पण ते नंतर. त्या क्षणी मला एवढंच कळलं की भाव राहिला. चुरा नाही. मशीन चालू. मावशी कामावर. अहो, मला इतकं हलकं वाटलं! वर इतक्या दिवसांची ती एवढीशी झोप झालेली, अंगात मध भरल्यासारखं. सगळं जग गोड दिसत होतं. मऊसाहेब गोड दिसत होते. त्यांचा तो घाम बघून माझाच जीव तुटला, म्हटलं, आपण बिचाऱ्याच्या समोर झोपलो, काय वाटलं असेल त्याला! तेवढ्यात ते रुमालानं कपाळ पुसत, सहज, अगदी सहज म्हणाले, "भाव पक्का, ताई. आता फक्त गिऱ्हाइकासाठी आपण एक आनंदाची गोष्ट करू या. एका उशीवर एक उशी भेट. चालेल ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "चालेल की! चालेल काय, धावेल! गिऱ्हाईक खूष तर आपण खूष!"

आता मला सांगा, मला काय वाटणार? दुकान त्यांचं, पाटी त्यांची, भेट कोण देणार? तेच ना देणार? माणूस भेट देतो ती आपल्या खिशातून देतो, शेजाऱ्याच्या नाही! शेजारी आमच्या ह्यांना कळलं. लगेच कळलं. चेहरा पांढराफटक पडला, माझ्या पायावर पाय ठेवला, भुवया उडवल्या, गाल फुगवले, हातानं काहीतरी खुणा केल्या, पण बोलायचं नाही ना! आईची शपथ! मी म्हटलं, "अहो, असं काय करताय? बाथरूमला जायचंय का?" मऊसाहेब म्हणाले, "बाहेर डावीकडे." आणि ह्यांना, शेवटी, उठून जावं लागलं!

परत आले तोवर मी सही करून बसले होते. चांगली वळणदार सही केली हो, आनंदानं.

घरी आलो. सासूबाई दारातच. "काय झालं?" म्हटलं, "भाव राहिला!" त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, बोटं मोडली. आयुष्यात पहिल्यांदा. मग ह्यांच्याकडे बघितलं. "तू का रे रडवेला?" ह्यांना तोंड उघडायची परवानगी मिळाली, आणि ह्यांनी सांगितलं. सगळं. उशीवर उशी. आणि ती वरची उशी आपली. कापूस आपला, खोळ आपली, शिवण आपली, पैसे मात्र एकीचेच.

सासूबाई हळूच कापसाच्या पोत्यावर टेकल्या. पोतं खाली बसलं, त्या खाली बसल्या, वर तंतू उडाले आणि उन्हात तरंगत राहिले. मी म्हटलं, आता म्हणणार, बंद करा मशीन. आता म्हणणार. मग मावशीच म्हणाल्या, चाचरत, "मग... त्या फुकटच्या उशीत तरी चुरा भरायचा का? ती तर फुकटच आहे."

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं! "फुकट आहे म्हणून काय झालं? डोकं तर कुणीतरी ठेवणारच ना तिच्यावर?" आणि उठल्या, आणि मशीन सुरू केलं.

तेव्हापासून ते सुरूच आहे. दोन माणसांचं काम एक करतो, आणि एकीच्या पैशात दोन उशांचा कापूस कुठून आणायचा ह्या विचारात सासूबाईंनी स्वतःच्या गाद्यासुद्धा उसवल्या. आम्ही आता चटईवर झोपतो. उशांचा कारखाना आमचा, आणि घरात एक उशी नाही! आणि ती योजना थोड्या दिवसांचीच होती हो, पण गिऱ्हाइकाला इतकी आवडली, इतकी आवडली, की साहेबांनी वाढवली. मऊ आवाजात फोन आला, "अभिनंदन, ताई! तुमची उशी फार चालतेय." म्हटलं, चालतेय कुठली, पळतेय!

परवा मी मुद्दाम दुकानात गेले, बाळाला कडेवर घेऊन. दरवाजा आपोआप उघडला. आत गेले तर आमच्या उशांचा हा डोंगर, आणि एक बाई ढकलगाडीत दोन उशा टाकतायत. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, एक विचारू? घरी किती माणसं?" त्या म्हणाल्या, "मी एकटीच. का हो?" म्हटलं, "मग एकच न्या ना. दुसरी राहू द्या." त्या म्हणाल्या, "अहो, फुकट आहे ती!" म्हटलं, "माहीत आहे हो मला, किती फुकट आहे ते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांचं डोकंच काढून मागितलं, आणि गाडी घेऊन भराभर निघाल्या. दोन्ही उशा घेऊन.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. भांडू नका कुणाशी, मोर्चा नको, काही नको, तेवढं बळ आता आमच्यात नाही. त्या दुकानात गेलात, आणि एकावर एक फुकट अशी पाटी दिसली, तर एकच उचला. दुसरी हळूच परत ठेवा, कुणाचं लक्ष नसताना, अंगावर पांघरूण घालावं तशी. आणि एवढंच शेजारणीला सांगा, तिला म्हणावं तिच्या शेजारणीला सांग. मात्र सांगताना घाई करा हं... कालच मऊसाहेबांचा निरोप आलाय, पुढच्या महिन्यापासून एकावर दोन.